सात नंबरची कोठी

मी संशयी नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून काही लोकांचा तसा समज होईल, आणि ते लोक कोण असतील हेही मला ठाऊक आहे. एकतीस वर्षं मी भूमी अभिलेख कार्यालयात नोकरी केली. तिथे कोणी 'ही जागा माझी' म्हणत आला की त्याला खुर्ची द्यायच्या आधी उतारा मागायचा असतो. एवढ्या वर्षांची सवय. मग निवृत्तीनंतर घरात कोणी 'लाडू संपत आले वाटतं' म्हणालं, तर मी 'संपत आले म्हणजे? कोणी संपवले?' असं विचारणारच. ह्याला संशय म्हणत नाहीत, चौकशी म्हणतात.

लाडू डिंकाचे. दर हिवाळ्यात जळगावहून सुनंदावहिनी पाठवतात. वहिनी म्हणजे माझे थोरले बंधू गिरधरनाना यांच्या पत्नी. आमच्या वडिलांनी दोघा भावांत पुढेमागे तंटा नको म्हणून सगळं जोडीनं केलं. नानांचं जळगावचं घर आणि माझं धुळ्यातलं, देवपूरचं घर एकाच नकाशावर, एकाच गवंड्यानं बांधलं. फरशी तीच, दारांचा रंग तोच. स्वयंपाकघरामागे धान्याची कोठी दोन्हीकडे आणि कोठीत डाव्या हाताच्या फळीवर कडीचा स्टीलचा डबा, तोही जोडीतला. वडील गेले तरी वहिनींनी ती रीत सोडली नाही. लाडू वळले की निम्मे नानांच्या डब्यात, निम्मे आमच्या. स्वेटर विणला तर दोन, पाठीवर नक्षी तीच.

मला साखर आहे. डॉक्टरांनी रविवारी एक लाडू मंजूर केलाय आणि मी तो नियम पाळतो. मधल्या वारी कामानिमित्त कोठीत गेलो तर अर्धा घेतो, नाही असं नाही. पण अर्धा घेतला तरी अर्धा डब्यात राहतोच, म्हणजे नग जागेवर असतो. मग तो अर्धा एकटा वाईट दिसतो, ही गोष्ट वेगळी. तर असा हा दत्तजयंतीला भरलेला डबा संक्रांतीच्या आत निम्मा झाला.

घरात माणसं तीन. मी, माझी पत्नी रत्ना आणि स्वयंपाकाला येणाऱ्या सुमनबाई. रत्नाला डिंक सोसत नाही. मी तर मी. मग राहिलं कोण?

"काहीतरी बोलू नका," रत्ना म्हणाली. "चौदा वर्षं घराची किल्ली तिच्याकडे आहे. कधी चमचा इकडचा तिकडे झाला नाही."

"चौदा वर्षं सापडली नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं," मी म्हणालो.

समोरचे दलिचंदशेठ किराणा दुकानवाले. त्यांना मी नाव न घेता, नुसतं उदाहरण म्हणून विचारलं. ते म्हणाले, "बोरसेभाऊ, कॅमेरा लावा. आमच्या दुकानात सोळा आहेत. चोरी थांबली नाही, पण दिसते चांगली." मी एक आणला आणि कोठीत छताला लावला. दुसऱ्या दिवशी सुमनबाई तांदूळ घ्यायला गेल्या, त्यांनी वर पाहिलं आणि मला विचारलं, "आबा, हाई काय शे?"

"उंदरांसाठी," मी म्हणालो.

"उंदीर खाले पयतस. मंग कॅमेरा वर कसाले?"

मी पेपर वाचतोय असं दाखवलं. सुमनबाईंनी कणीक मळून झाकून ठेवली, हात धुतले आणि कमरेची किल्ली सोडून ओट्यावर ठेवली. "चौदा वरीस व्हयनात, आबा. चोर सापडना म्हंजे माले सांगज्यात," म्हणाल्या आणि निघून गेल्या. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

बातमी गल्लीत पसरायला असा कितीसा वेळ लागतो? पलीकडच्या दोन घरांनीही सुमनबाईंना 'उद्यापासून नको' सांगितलं. धुळ्यात हाताला काम उरलं नाही, म्हणून त्या शिंदखेड्याला, भावाकडे गेल्या. हे ऐकून मला कसंतरी झालं. पण चौकशी चालू असताना अधिकाऱ्यानं कसंतरी वाटून घ्यायचं नसतं. रत्नानं मात्र मला समोर बसवलं. "पुरावा मिळाला तर मी जन्मभर गप्प बसेन. नाही मिळाला, तर तुम्ही स्वतः शिंदखेड्याला जायचं, तिच्या भावासमोर हात जोडायचे आणि तिला मानानं परत आणायचं." त्या दिवसापासून आमच्याकडे सकाळी खिचडी आणि संध्याकाळी सकाळची खिचडी असं सुरू झालं.

आता खरी गंमत. सुमनबाई गेल्यावरही लाडू कमी होतच राहिले. म्हणजे ही एकट्यादुकट्याची करामत नव्हती, टोळी होती! आणि ऐन वेळी कॅमेरा दगा देत होता. लाईट गेली की राऊटर बंद, लाईट आली की राऊटर चालू, पण फोनमध्ये कोठीच्या जागी काळा चौकोन. आमच्या घरात इंटरनेट छगन केबलवाल्याचं. तो म्हणाला, "राऊटर नव्यानं सुरू झाला की कंपनी तुमच्या घराला नवा नंबर देते. घरातल्या सगळ्या वस्तूंचे पत्ते बदलतात. तुमचा फोन जुन्याच पत्त्यावर शोधत बसतो."

"दर लाईटला पत्ता बदलतो? आणि तो बदललेला पत्ता कोणाला माहीत असतो?"

"कंपनीला."

"आणि तुला?"

"मलाही कळतो, काका."

चोरीच्या वेळी कॅमेरा बंद आणि पत्ता ह्याच्या खिशात! त्याच दिवशी मी दुसऱ्या कंपनीच्या लाईनसाठी अर्ज केला. एकीवर विश्वास नाही म्हणून दोन. दुसऱ्या कंपनीनं आधार कार्डाची झेरॉक्स मागितली. अशा कागदाचा गैरवापर होतो, म्हणून मी तिच्यावर आडवं 'फक्त इंटरनेटकरिता' असं जाड पेनानं लिहिलं. ते माझ्या चेहऱ्यावरून गेलं, म्हणून त्यांनी ती परत पाठवली. दुसऱ्या वेळी मी उभं लिहिलं, तर पत्ता गेला. तिसऱ्या वेळी त्यांनी स्वतः माणूस पाठवला. त्या माणसाचं ओळखपत्र मी तपासलं, तेव्हा तो म्हणाला, साहेब, तुमच्याकडे काम करायचं म्हणजे परीक्षाच आहे. मी ते कौतुक म्हणून घेतलं.

पण दोन लाईनींमुळे घोटाळा दुप्पट झाला. आता कॅमेऱ्याला दोन पत्ते, आणि कुठली लाईन चालू आहे त्यावर खरा कोणता ते ठरणार. शेवटी मी दिपमालाला बोलावलं. दिपमाला ही नानांची मुलगी. जळगावला एका पाइपच्या कारखान्यात कॉम्प्युटर विभाग सांभाळते आणि माझ्या मते फार हसते. ती रविवारी आली, दोन्ही राऊटर टेबलावर मांडले आणि म्हणाली, "काका, सोपं आहे. घरातल्या वस्तूंना आपण आपलेच खाजगी पत्ते द्यायचे. ते कधीच बदलणार नाहीत. बाहेर जाताना राऊटर पत्त्याचा पुढचा भाग काढून तिथे कंपनीचा लावेल, परत येताना कंपनीचा काढून आपला लावेल. मागचा भाग तसाच. कंपनी कोणती का असेना, घरात फरक पडत नाही. तुमच्या ऑफिसात फाइलीचा नंबर कायम असायचा आणि पत्र बाहेर जाताना त्यावर जावक नंबर पडायचा ना? तसंच."

हे मला लगेच पटलं. आवक-जावक ही एकच गोष्ट ह्या जगात विश्वासाची आहे. पण मग मी मुद्द्याचं विचारलं. "हा खाजगी पत्ता नोंदवायचा कुठे?"

"कुठेच नाही. 'एफ' आणि 'डी' ह्या इंग्रजी अक्षरांनी सुरुवात करायची आणि पुढचे आकडे चिठ्ठी उचलल्यासारखे कुठलेही घ्यायचे."

"नोंद नाही? म्हणजे उद्या कोणीही उठून तोच पत्ता लावील!"

"म्हणूनच आकडे आपल्या मनानं निवडायचे नाहीत, काका. चिठ्ठीनं आले की दोन घरांचे सहसा जुळत नाहीत."

सहसा! एकतीस वर्षं मी ज्या दिवाणी भांडणांच्या फाइली वाहिल्या, त्या सगळ्या ह्या 'सहसा'तून निघाल्या होत्या. नोंद नसलेला पत्ता आणि तोही चिठ्ठीनं काढलेला, हे माझ्या हयातीत माझ्या घराला लागणार नव्हतं. दलिचंदशेठ चहाला आले होते. त्यांनी त्यांच्या ज्योतिष्याकडून आकडा काढून देतो म्हटलं. मी ते नाकारलं, कारण ज्योतिषी त्यांचा होता. मी आकडे स्वतः ठरवले. वडिलांच्या शेताचा गट नंबर दोनशे चौदा, त्यापुढे नाना आणि मी नोकरीला लागलो ती सालं. आणि कोठीच्या कॅमेऱ्याला शेवटी सात, कारण वडिलांच्या नकाशात कोठी ही सात नंबरची खोली आहे.

दुसऱ्या दिवशी मी हे शंभराच्या स्टॅम्पपेपरवर लिहून घ्यायला वकिलांकडे गेलो. वकील जुने ओळखीचे. त्यांनी सवयीनं विचारलं, "मिळकतीची चतुःसीमा?" मी म्हणालो, पूर्वेस छगनचा राऊटर, पश्चिमेस दुसऱ्या कंपनीचा. त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं, परत लावला आणि लिहिलं. शिक्काही मारला. आता बोला.

आमच्याकडे कॅमेरा बसला म्हटल्यावर नानांकडेही बसला, हे सांगायला नकोच. नानांकडे पत्ता लावायची वेळ आली, तेव्हा दिपमाला म्हणाली, जळगावला वेगळा आकडा घेऊ. मला धक्काच बसला. बाप एक, कूळ एक, नकाशा एक आणि पत्ता वेगळा? मी नानांना फोन लावला. नाना तिकडून तिला म्हणाले, "तुझा प्रेमराजकाका बरोबर बोलतो. वडील असते तर सारखाच दिला असता." दिपमाला परोपरीनं सांगत होती की हा पत्ता आडनावासारखा नसतो, घरासारखा असतो, दोन घरांना एक असला तर गोंधळ होतो. पण दोन थोरांपुढे एकटी काय करणार बिचारी! शेवटी ती म्हणाली, "ठीक आहे. दोन्ही घरं एकमेकांना जोडली नाहीत तोवर चालेल. मी दोन्हीकडच्या राऊटरमध्ये जोडणीची सोय करून ठेवलीय, पण ती बंद आहे. तिला हात लावू नका." तिथल्या कोठीच्या कॅमेऱ्यालाही सातच दिला, मी फोनवर थांबून.

आता लाईट जावो की लाईन, आमची कोठी फोनमध्ये ठणठणीत दिसू लागली. पण दिसायची ती मी फोन हातात धरून बघेन तेवढीच. हालचाल झाली की चित्रण करून कळवण्याचं एक बटण होतं, ते मी घरासाठी लावलं नव्हतं. आमच्या कोठीवर मी जातीनं लक्ष ठेवून होतो, दिवसातून पाच-सहा वेळा आत जाऊन.

फेब्रुवारीत नाना सगळ्यांना घेऊन सुरतेला लग्नाला गेले. आम्ही दोघंही जाणार होतो, पण इथली चौकशी अर्धवट टाकून मी कसा जाणार? निघताना नाना फोनवर म्हणाले, "घर बंद आहे, चार दिवस जरा लक्ष ठेव." धुळ्यात बसून जळगाववर लक्ष ठेवायचं तर जोडणी हवी. दिपमालानं हात लावू नका म्हटलं होतं खरं. पण का म्हटलं होतं? सरळ गोष्टीला हात लावायला कोणी मनाई करत नाही. मी स्टॅम्पपेपर काढला, त्याच्या मागे लिहिलेला पासवर्ड घातला आणि जोडणी चालू केली. फोनमध्ये 'जळगाव कोठी' असं नवं नाव दिलं, तिचा पत्ता टाकला, शेवटी सात. लगेच चित्र आलं! हालचाल कळवायचं बटणही मी तिथे लावून टाकलं.

खरं सांगतो, ते चित्र पाहून माझे डोळे भरून आले. तीच फळी, तोच डबा, डबा त्याच जागी, एवढंच काय, फळीवर वाती ठेवायची पिशवीसुद्धा तशीच लोंबत होती. मी रत्नाला हाक मारून दाखवलं, "बघ, वडिलांची शिस्त! दोन घरांत सुतळीचा फरक नाही." रत्ना भांडी घासत होती. सुमनबाई गेल्यापासून तीच घासते. तिनं मान वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला मी नेहमीप्रमाणे आमची कोठी तपासून आलो. बाहेर येऊन हात पुसतोय तोच फोन वाजला. जळगाव कोठीत हालचाल! उघडून पाहतो तर काय, बंद घरात माणूस. कोठी अंधारी, म्हणून चित्र काळंपांढरं, तेही वरून आणि मागून. अंगावर स्वेटर, डोक्याला माकडटोपी, पाठ रुंद. पाय फरफटत आला, डब्याची कडी आवाज न करता उघडली. सराईत! एक लाडू काढला, मोडला, अर्धा परत ठेवला. डबा लावला. दाराकडे गेला. थबकला. इकडेतिकडे पाहिलं आणि परत येऊन तो उरलेला अर्धाही खाल्ला. वय साठीच्या पुढचं दिसत होतं. ह्या वयात एवढी हाव! मला संताप आला.

मी सुरतेला फोन लावला. तिकडे नुकत्याच अक्षता पडल्या होत्या. "नाना, घरात चोर आहे!" नानांच्या हातचं ताट राहिलं. त्यांनी शेजाऱ्यांना फोन केला. जळगावचे चार शेजारी काठ्या घेऊन धावले, त्यांच्याकडच्या किल्लीनं घर उघडलं, कोठी उघडली. दाराला जाळं धरलेलं. आत कोणी नाही आणि डबा गच्च भरलेला. मी म्हणालो, असं कसं होईल, मी डोळ्यांनी पाहिलं! शेजाऱ्यांपैकी कोणीतरी सामील असणार, असंही मी बोललो. ते फोनवर त्यांना ऐकू गेलं हे नंतर कळलं. नाना जेवण टाकून गाडीत बसायला निघाले, तेव्हा मी म्हणालो थांबा, पुरावा पाठवतो. आणि ते चित्रण मी 'बोरसे परिवार' ह्या आमच्या ग्रुपवर टाकलं. ग्रुपमध्ये त्रेचाळीस माणसं आहेत, सुरतेचे व्याहीसुद्धा. खाली लिहिलं, 'सदर इसमास कोणी ओळखत असल्यास तात्काळ कळवावे.'

मग सुनंदावहिनींचं आलं. 'भावजी, हा स्वेटर मी विणलेला आहे.'

मी लिहिलं, 'म्हणजे चोरानं नानांचा स्वेटर चोरला!'

वहिनींनी फोटो टाकला. मांडवात नाना उभे, अंगात तोच स्वेटर.

त्यानंतर दिपमालाचा फोन आला. ती हसत नव्हती, म्हणजे हसू दाबत होती. "काका, तुम्ही जोडणी चालू केलीत ना? दोन्ही घरांचा पत्ता एकच. राऊटरनं घरातच सात नंबर सापडला म्हटल्यावर तो जळगावला कशाला जाईल? तुम्ही जळगाव बघतच नव्हतात. तुमचीच कोठी बघत होतात." मी म्हणालो, असं होणं शक्य नाही, नीट तपास. तेवढ्यात रत्ना मागे येऊन उभी राहिली. तिनं माझ्या हातातून फोन घेतला, चित्रण पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं आणि मग परत एकदा पाहिलं. स्वतःची पाठ माणूस कधी बघतो हो? मी तरी ती त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. फारच रुंद होती. रत्ना एवढंच म्हणाली, "शिंदखेड्याची गाडी सकाळी आहे."

गाडीत मी भाषण तयार केलं. त्यात 'तांत्रिक बिघाड' हे शब्द तीनदा होते. सुमनबाईंच्या भावाच्या, अभिमनच्या अंगणात खाट टाकली होती. त्यानं बसा म्हटलं नाही. सुमनबाई शेंगा निवडत होत्या. त्यांना बघितलं आणि मी भाषण सोडून दिलं. मी फोन पुढे केला. "सुमनबाई, चोर सापडला. तुम्ही सांगितलं होतं, सापडला की सांगा. माझं चुकलं. मी तुमच्यावर आळ घेतला आणि खात मीच होतो." हात जोडले. अभिमनसमोरच जोडले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

सुमनबाईंनी चित्रण पाहिलं. अर्धा लाडू परत ठेवतो तिथे त्यांनी थांबवून पाहिलं. हसल्या नाहीत. "आबा, माले बठ्ठी गल्ली चोर म्हने. दोन घरं सुटनात मना हातमाईन."

"मी त्या दोन्ही घरी जाईन. हेच दाखवीन."

त्यांनी शेंगा बाजूला सारल्या. मग म्हणाल्या, "येसू मी. पन कॅमेरा काढानं नही. तो मना फोनमां दिसाले जोयजे."

मी देवपूरला येऊन दोन्ही घरी गेलो. उंबऱ्यात उभं राहून ते चित्रण दाखवलं. दुसऱ्या घरी त्यांनी मुलांनाही बोलावलं. जळगावच्या चार शेजाऱ्यांची मी फोनवर माफी मागितली, त्यातल्या एकानं अजून दिलेली नाही. दिपमालानं चिठ्ठी उचलल्यासारखे नवे आकडे काढून आमच्या घराला वेगळा पत्ता लावला, आणि मी नोंदीबद्दल अवाक्षर काढलं नाही. जाताना तिनं आमच्या कोठीचं हालचालीचं बटणही लावलं. कोणाच्या फोनवर, ते मला विचारलं नाही. सुमनबाई परत आल्या, किल्ली कमरेला गेली, घरात भाजी झाली. तो स्टॅम्पपेपर रत्नानं लाडवांच्या डब्यात तळाशी घातला.

परवाची गोष्ट. दुपारची वेळ, रत्ना झोपलेली, सुमनबाई त्यांच्या घरी. मी कोठीत काही कामासाठी गेलो होतो. काम कुठलं ते आता आठवत नाही. डब्याची कडी आवाज न करता उघडली, हात आत घातला, तोच खिशात फोन वाजला. सुमनबाईंचा.

"आबा," त्या म्हणाल्या, "आज मंगयवार शे."